गोळ्यांचा धसका घेऊ नकोस, बाय

बाय, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, ह्या गोळ्या म्हणे शरीर आतून पोखरतात. खरं आहे का?" हा विषय फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. आपल्या महाड-पोलादपूरकडच्या ज्या कोणी किडनी बदलून घरी आल्या असतील, त्यांनीही हे वाचावं. मीही त्याच वाटेनं गेले आहे, त्याच गोळ्या रोज घेते, तेव्हा जे सांगेन ते परकेपणानं सांगणार नाही.

तुला कुणीतरी सांगितलं, की प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांनी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' वाढतो. म्हणून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सुली घे, गुळवेलीचा काढा पी, आणि जमेल तशा गोळ्या कमी कर. ह्यातली पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. पुढचे तिन्ही सल्ले मात्र आईनं दिलेल्या किडनीच्या मुळावर उठणारे आहेत. धडधडीत खोटं आपण ओळखतो. अर्ध्या खऱ्याला भुलतो. म्हणून आधी खरं किती ते नीट समजून घे.

आपली प्रत्येक पेशी ऑक्सिजन वापरून अन्नातून शक्ती काढते. चूल पेटली की थोडा धूर व्हायचाच, तसे ह्या कामात काही चिडके रेणू तयार होतात. ते जवळ जे सापडेल त्याला डसतात: पेशीच्या आवरणाला, रक्तवाहिनीच्या अस्तराला, अगदी आतल्या डीएनएलासुद्धा. शरीराकडे ह्या धुराला वाट करून देणारं धुराडंही असतं. ग्लुटाथायोनसारखी द्रव्यं आणि काही एन्झाइम्स हे काम बिनबोभाट करत राहतात. धूर वाढला आणि धुराडं अपुरं पडलं, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. आणि हे रेणू निव्वळ वैरीही नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला हेच वापरतात. तेव्हा ते समूळ नाहीसे करणं हा काही इलाज नाही.

किडनीला ह्या ताणाचा जाच जरा जास्तच. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळपास पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो आणि त्यांच्या बारीक नळ्या दिवसरात्र राबतात. जिथं काम जास्त तिथं हे रेणूही जास्त.

आता तुझंच उदाहरण घे. तुझ्या किडन्या निकामी होत होत्या, तू डायलिसिसवर होतीस, तेव्हा हा ताण आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. न गाळली गेलेली विषारी द्रव्यं, कमी झालेलं रक्त, शरीरात सतत धुमसणारी सूज, आणि मशीनच्या फिल्टरमधून आठवड्यातून दोन-तीनदा फिरणारं रक्त, ह्या सगळ्यांनी तो वाढतो. मग ऑपरेशनच्या दिवशी एक मोठा झटका बसला. आईची किडनी काढली, थंड द्रावणानं धुऊन बर्फात ठेवली, तेवढा वेळ तिला रक्त नव्हतं. तुझ्या पोटात बसवून चिमटे सोडले आणि रक्त आत शिरलं, त्या क्षणी ह्या रेणूंचा लोंढा उठतो. प्रत्येक प्रत्यारोपणात हे होतं. जिवंत दात्याच्या किडनीला ही कळ कमी सोसावी लागते, कारण ती फार वेळ बाहेर राहत नाही. त्यानंतर किडनी काम करू लागली, की काही महिन्यांत ताण उतरत जातो. पूर्ण निरोगी माणसाइतका तो खाली येत नाही, पण डायलिसिसच्या दिवसांशी त्याची तुलनाच नाही. म्हणजे तुझ्या शरीरातला ताण सगळ्यात जास्त कमी केलाय तो ह्या नव्या किडनीनं. ती टिकवणं हेच सगळ्यात मोठं अँटिऑक्सिडंट औषध, आणि ती टिकते ह्याच गोळ्यांवर.

आता एकेक गोळी घेऊ. तुझी टॅक्रो, म्हणजे टॅक्रोलिमस, आणि तिची थोरली बहीण सायक्लोस्पोरिन, ह्या दोघी किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आक्रसतात आणि पेशींतला ताण वाढवतात. सायक्लोस्पोरिन ह्यात जास्त खोडसाळ, टॅक्रो त्या मानानं सौम्य. आपण वायसोलोन म्हणतो ते प्रेडनिसोलोन साखर, रक्तदाब आणि चरबी वाढवतं, आणि त्या आडवाटेनं ताण वाढवतं. मायकोफिनोलेटचं वेगळं आहे. काही अभ्यासांत ती उलट ताण कमी करताना दिसली आहे. ॲझाथायोप्रिन चालू असेल तर उन्हाला जपायचं, कारण त्या औषधाचा अंश कातडीच्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसतो, त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की तिथंच हे रेणू तयार होतात. गोऱ्या कातडीच्या लोकांत त्यामुळे त्वचेचा कर्करोग बराच वाढतो, आपल्यात कमी. तरी दुपारच्या उन्हात जाताना लांब बाह्या आणि छत्री हवीच.

मग असल्या गोळ्या घ्यायच्याच कशाला, हा तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे ह्यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं. ते जमलं कारण देणारा आणि घेणारा तंतोतंत सारखे जुळे भाऊ होते. घेणाऱ्याच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. बाकी जगाला जुळा भाऊ कुठून आणायचा? आपल्या मुंबईतही केईएममध्ये 1965 साली प्रयत्न झाला. मृत दात्याची किडनी बसवली, पण रुग्ण फार दिवस जगला नाही. वेल्लोरला 1971 मध्ये जिवंत दात्याची किडनी बसवून देशाला यश मिळालं. खरं चित्र पालटलं ते सायक्लोस्पोरिन आल्यावर, 1980 नंतर. ते मिळालं नॉर्वेच्या पठारावरल्या मातीतल्या एका बुरशीतून. टॅक्रोलिमस 1984 साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. तिसरं, सिरोलिमस, पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई बेटाच्या मातीतून आलं, आणि त्यावर आयुष्य वेचणारे शास्त्रज्ञ आपल्याच उपखंडात जन्मलेले होते, सुरेन सेहगल. तू दुसऱ्याची किडनी घेऊन आज आपल्या अंगणात उभी आहेस, ती ह्या माणसांच्या कष्टांमुळे. आईची किडनी म्हटली तरी तुझ्या पांढऱ्या पेशींना ती अर्धी परकीच आहे. त्यांना आवरून धरणाऱ्या गोळीत खंड पडला, की त्या किडनीवर धाव घेतात. आणि बाय, शरीराचं हे किडनी नाकारणं बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर आत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. शिवाय त्या हल्ल्यात जो ताण किडनीत उसळतो, त्यापुढे टॅक्रोचा ताण काहीच नाही. ताण कमी करायचा म्हणून गोळी कमी करणारी बाई तो ताण कितीतरी पटीनं अंगावर ओढवून घेते.

"मग गोळ्याही घेते आणि अँटिऑक्सिडंटही घेते, काय बिघडलं?" असं म्हणशील. ही कल्पना डॉक्टरांनाही एके काळी मोहात पाडत होती, आणि त्यांनी ती तपासून पाहिली. अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलमध्ये चार हजारांहून जास्त किडनी बदललेल्या लोकांना फॉलिक ॲसिड आणि बी-6, बी-12 ची मोठी मात्रा कित्येक वर्षं दिली. रक्तवाहिन्यांना घातक मानलं जाणारं होमोसिस्टीन त्यानं खाली आलं, पण हृदयविकार कमी झाला नाही, किडनीही जास्त टिकली नाही. 2011 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. दुसरं एक औषध, बार्डोक्सोलोन, शरीराचं धुराडंच मोठं करणारं. मधुमेहानं किडनी खराब झालेल्यांवर त्याची मोठी चाचणी चालू होती. 2012 मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण वाढलं. कागदावरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारतो असं नाही, हा धडा त्यातून घ्यायचा.

आता घरगुती वाटणाऱ्या गोष्टी. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या रोज घेतल्या तर शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि ते थेट किडनीत साचतं. गुळवेलीचं तर मुंबईतलंच उदाहरण आहे. कोविडच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेले आढळले आणि 2021 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. पण आपल्यापुरता वादाचा प्रश्नच येत नाही. गुळवेल देतात कशासाठी? प्रतिकारशक्ती वाढवायला. आपण ती मोजूनमापून खाली ठेवतोय कशासाठी? किडनी वाचवायला. एका हातानं बांध घालायचा आणि दुसऱ्या हातानं फोडायचा, असं कुणी करतं का? 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेली कुठलीही बाटली आपल्या घरात येता कामा नये.

आपल्या परसातल्या दोन-तीन फळांची नावं पक्की लक्षात ठेव. पपनस टॅक्रोची रक्तातली पातळी वाढवतं, तेव्हा गणपतीच्या दिवसांत कुणी सोलून पुढे केलं तरी नको म्हण. करमर, म्हणजे ते पाच धारांचं आंबट फळ, किडनीच्या माणसाच्या मेंदूवर आणि किडनीवर दोन्हीकडे घाला घालतं. बिलिंबीचा रस कुणी साखर किंवा चरबी उतरायला सांगितला तर अजिबात घेऊ नकोस, त्यातल्या ऑक्झलेटनं चांगल्या किडन्याही बंद पडल्या आहेत. हळद आमटीत चालते, हळदीच्या कॅप्सुली नकोत.

आता ताण खरोखर कशानं उतरतो ते सांगते. ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

पहिलं, मशेरी सोडणं. तुझ्या सासूबाई लावतात, तूही दोन बोटं लावत होतीस, मला माहीत आहे. तंबाखू भाजून दाताला लावली तरी ती तंबाखूच. ती रक्तवाहिन्यांत ताण वाढवते, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तोंडाच्या कर्करोगाची भीती इतरांहून जास्त असते. नवरा बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्यानं ती घराबाहेर नव्हे, आयुष्याबाहेर टाकावी. त्याच्याशी मी बोलेन. स्वयंपाकही शक्यतो गॅसवर कर. चुलीशी बसायची वेळ आली तर दार-खिडकी सताड उघडी ठेव.

दुसरा रक्तदाब, तिसरी साखर. टॅक्रो आणि वायसोलोन मिळून पूर्वी नसलेला मधुमेह उभा करू शकतात. रक्तदाबाचं मशीन घरात असू दे, रोज ठरल्या वेळी मोजून वहीत लिही. आपल्याकडे मीठ कुठून येतं ते बघ. पावसाळ्यात मासेमारी थांबली की सुकट, जवळा, सुके बोंबील, सोबत पापड आणि लोणचं. चार घास सुक्याचे खाल्ले की दिवसभराचं मीठ पोटात गेलंच. सुकी मासळी बंद कर असं म्हणत नाही. पण ती आधी दोन पाण्यांतून धुऊन घे, वरून मीठ घालू नकोस आणि रोज करू नकोस.

चौथं जेवण. अँटिऑक्सिडंट खायचीच असतील तर ती ताटात आहेत. नाचणीची भाकरी, लाल तांदळाचा भात, लाल माठ, भोपळा, बेताचं कोकम, आणि ताजी बांगडा-मांदेली नीट शिजवून. एवढंच बघ की टॅक्रोनं रक्तातलं पोटॅशियम चढतं. तुझ्या रिपोर्टमध्ये ते वर असेल तर शहाळं, केळी आणि शेवग्याची भाजी डॉक्टरांना विचारून. विहिरीचं पाणी उकळून पी, कच्ची कोशिंबीर पहिले काही महिने नको, उघड्यावरचं तर कधीच नको. पाचवं चालणं. संध्याकाळी ऊन उतरलं की खाडीच्या बाजूनं दमेल इतकं नव्हे, घाम येईल इतकं चाल. नियमित चालणाऱ्या शरीराचं धुराडं आपोआप मोठं होतं. आणि बागेत तणनाशक फवारणार असतील त्या दिवशी तिथं फिरकू नकोस. पॅराक्वाटसारखं तणनाशक पोटात गेलं तर फुप्फुस आणि किडनी ह्याच रेणूंनी जाळून टाकतं.

गोळी घेण्याची शिस्त आता सांगते, ती नीट वाच. टॅक्रो बारा तासांच्या अंतरानं, रोज एकाच वेळी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास. कॅप्सूल पाकिटातून काढून आठवडाभर डबीत टाकून ठेवू नकोस, आपल्या कोकणच्या दमट हवेत ती ओल धरते. घ्यायच्या वेळीच फोडायची. टॅक्रोची लेव्हल, म्हणजे रक्तातली पातळी, तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. पहाटे वीर स्टेशनला गाडी पकडायची घाई असते, सवयीनं हात पाकिटाकडे जातो आणि गोळी गिळून झाली की मुंबईची सगळी फेरी वाया जाते. त्यासाठी आदल्या रात्रीच त्या दिवसाची गोळी पाकिटासकट वेगळी बांधून पिशवीत ठेव. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी पुढे केली तर स्वतःच्या मनानं बदलू नकोस. डॉक्टरांना विचार, बदललीच तर लेव्हल पुन्हा बघायला लागते. हात थरथरले, केस गळाले, पायात गोळे आले तर त्यांना सांग. टॅक्रोनं मॅग्नेशियम उतरतं, लेव्हल चढलेली असू शकते, त्यावर उपाय असतो.

दुसऱ्या डॉक्टरकडे सर्दी-तापासाठी गेलीस तरी पहिलं वाक्य हेच: "माझी किडनी बदललेली आहे, टॅक्रो चालू आहे." क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोलनं टॅक्रो भलतीच चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिननं ती एकदम उतरते. ॲझाथायोप्रिनवर असलेल्यानं युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल बरोबर घेतली तर रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होतात. कंबर दुखली म्हणून महाडच्या बाजारातून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन आणायची नाही, पॅरासिटामॉल चालते. जुलाब लागले तर गोळी थांबवायची नाही, लगेच फोन करायचा. जुलाबात शरीरातलं पाणी उतरतं आणि टॅक्रोची पातळी चढते, किडनीवर दुहेरी मार बसतो.

आणि आता आपला पावसाळा. दासगावच्या माणसाला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. 2005 च्या जुलैत डोंगर खाली आला, दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते ह्या गावांनी एका पावसात काय गमावलं ते आपण पाहिलंय. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. वीज नाही, फोन नाही, रस्ता नाही. अशा दिवसांत मेडिकलच्या दुकानावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून जूनच्या आधीच किमान महिनाभराच्या गोळ्या घरात हव्यात. त्यातल्या पंधरा दिवसांच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, सोबत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, शेवटचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून, माळ्यावर ठेव. घर सोडायची सूचना आली की दागिन्यांच्या आधी ती पिशवी उचलायची. घरातल्या प्रत्येकाला ती कुठे आहे ते माहीत हवं.

लावणीला ह्या वर्षी उतरायचं नाही. चिखलात, साचलेल्या पाण्यात उंदराच्या लघवीतून लेप्टो येतो, कोकणात दर पावसाळ्यात येतो, आणि तो किडनी आणि यकृतच धरतो. पूर ओसरल्यावर घरातला गाळ उपसायचं काम तुझं नाही, कुणी काही बोललं तरी नाही. चिखलाला पाय लागणं टळणारच नसेल तर गमबूट घाल, पायाला चीर असेल तर तेही नको. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आपल्यासारख्यांना ताप कधी कधी फार चढतही नाही, पण आत संसर्ग मोठा असतो. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात सगळे उतरतात म्हणून तूही उतरशील, तर पहिलं वर्ष ते टाळ.

आता जे तू फोनवर बोलली नाहीस, पण मला कळलं, त्याबद्दल. चेहरा सुजलाय, आरशात बघवत नाही, लग्नकार्याला जावंसं वाटत नाही. ते वायसोलोनमुळे आहे. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात तसा चेहराही उतरतो. पण ती गोळी स्वतःहून एकदम बंद केलीस तर जिवावर बेतेल, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. बायका कुजबुजतील. त्यांना कुजबुजू दे, तू मात्र लग्नाला जा, फक्त गर्दीत मास्क लाव.

मुलाचंही तुझ्या मनात आहे. डायलिसिसमध्ये पाळी अनियमित झालेली असते, किडनी बदलली की ती लवकरच सुरळीत होते आणि दिवसही राहू शकतात. म्हणून आत्तापासून काळजी घ्यायची, कारण मायकोफिनोलेट चालू असताना दिवस राहिले तर गर्भ पडण्याची किंवा बाळात व्यंग येण्याची भीती मोठी आहे. निदान वर्षभर थांबायचं. मग किडनी स्थिर असेल तर डॉक्टर ती गोळी बदलून ॲझाथायोप्रिन देतात, काही आठवडे जाऊ देतात आणि मग हो म्हणतात. आपल्यासारख्या कित्येक जणी आया झाल्या आहेत. घाईही नको आणि निराशाही नको.

पैशाचं ओझं मी समजू शकते. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, पण गोळ्या जन्मभराच्या. पैसे संपत आले म्हणून गोळी दिवसाआड करणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत, आणि त्यातून पुढे काय होतं तेही. ती वेळ आली तर लपवू नकोस. मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना गाठ. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्रात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. आणि डॉक्टरांना सरळ सांग, "मला एवढंच परवडतं." ते विचार करून गोळ्यांची जुळणी बदलू शकतात. तू मनानं बदललीस तर ती जुळणी राहत नाही.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. आई, बायको, बहीण देते. मुलगा, नवरा, भाऊ घेतो. बाईला किडनी मिळणं अजूनही दुर्मीळ आहे. तुला ती मिळाली, म्हणून ती जपताना कुणाची मर्जी सांभाळू नकोस. 'हल्ली कामाला हात लावत नाही' असं म्हणणाऱ्याला मान खाली घालून उत्तर द्यायची गरज नाही.

आणि ह्या सगळ्यात आईला विसरू नकोस. तिच्याकडे आता एकच किडनी आहे आणि ती "मला काय झालंय" म्हणत पुन्हा भारे उचलायला लागली असेल. दर वर्षी तिचा रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन बघायला हवं. गुडघे दुखतात म्हणून ती दुकानातून आणते त्या गोळ्या आजच बंद कर. पुढच्या महिन्यात तुझी तपासणी आहे ना? तिलाही सोबत घे, दोघींचं रक्त एकाच दिवशी द्या. ती नाही म्हणाली तर मला सांग, मी येऊन तिला गाडीत बसवते.